तंजावरचे सरफोजी राजे : दृष्टी, प्रकाश आणि शब्द

प्रकाशाचे विजेत व विजेचे प्रकाशात रूपांतर करणाऱ्या पदार्थांचे संशोधन आज जगभर चालू आहे. त्यातील एक महत्त्वाचा प्रश्न शिशाचा आहे. अलीकडच्या काळात ज्या अर्धसंवाहक पदार्थांपासून स्वस्त आणि कार्यक्षम सौर विद्युत् घट बनविता येतील अशी आशा निर्माण झाली, त्यांत शिसे असते, आणि शिसे हे विष आहे. म्हणून शिसेमुक्त पर्यायांचा शोध सुरू झाला. हा विषय पदार्थविज्ञानाचा असला तरी भारतीय भाषांच्या अभ्यासकाला तो सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. नव्या विद्येला आपल्या भाषेत घर मिळते की नाही, हा प्रश्न त्याच्या पोटात आहेच. या प्रश्नाला ज्या पुरुषाने आपले बहुतेक आयुष्य वाहिले, त्या तंजावरच्या सरफोजी (दुसरे) भोसले यांच्या चरित्राचा विचार येथे त्या दृष्टीने करावयाचा आहे. सरफोजींना सौर घटाची चाहूल लागली होती, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पूर्वजांच्या पदरी आधुनिक शोध बांधण्याची हौस चरित्रलेखनाला घातक ठरते. त्यांनी जे केले तेवढेच नीट पाहिले तरी पुरेसे आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात स्थापलेले मराठी राज्य त्या वेळी शंभर वर्षांचे झाले होते, आणि त्याचे बळ ओसरू लागले होते. पुत्रहीन तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलाच्या रक्षणाची काळजी ख्रिस्तिआन फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपविली होती. तथापि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तविधानच अशास्त्र असल्याचा निर्णय पंडितांकडून मिळविला. कंपनी सरकारने तो मान्य केला, आणि अमरसिंह गादीवर आले.

यानंतरची काही वर्षे सरफोजींच्या आयुष्यातील सर्वांत अंधारी वर्षे होत, आणि हे विशेषण येथे केवळ अलंकारिक नाही. मुलाला वाड्यात कोंडून ठेवले होते, त्याला उजेड व शिक्षण दोन्ही मिळत नव्हते, असे मिशनऱ्यांच्या लेखनावरून दिसते. हे लेखन अमरसिंहांच्या प्रतिपक्षाचे असल्याने त्यातील प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारावा असे नाही. परंतु श्वार्ट्झ यांच्या तक्रारीवरून कंपनीला हस्तक्षेप करावा लागला आणि १७९३ मध्ये राजपुत्राला तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलविण्यात आले, ही गोष्ट निर्विवाद आहे. पुढे ज्याने लोकांच्या दृष्टीची एवढी चिंता वाहिली, त्याचे बालपण असे बंदिस्त गेले होते. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह चरित्रकाराने आवरावा. पण त्या एकाच आयुष्यात शेजारी शेजारी आहेत, हे नोंदविण्यास हरकत नसावी.

मद्रासला गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल आणि निसर्गविज्ञान यांची गोडी त्यांना येथेच लागली. मराठी त्यांची घरची भाषा होती; तमिळ व तेलुगू या त्यांच्या राज्याच्या आणि दरबारी साहित्याच्या भाषा होत्या; संस्कृत ही पंडितसभेची भाषा. या चौघींत आता इंग्रजीची भर पडली. श्वार्ट्झ व गेरिके यांच्याकडून एवढे संस्कार घेऊनही सरफोजी अखेरपर्यंत स्वधर्मात राहिले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांचे निधन झाले. आपल्या या गुरूच्या स्मरणार्थ सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. शिल्पात मरणोन्मुख गुरूच्या शय्येजवळ उभा असलेला राजा दाखविला आहे, आणि ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

दत्तकाच्या प्रश्नाचा फेरविचार होऊन २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. पण ही गादी त्यांना फार महाग पडली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. बाविसाव्या वर्षी सरफोजी राजे होते, पण राज्यकर्ते नव्हते. अशा अवस्थेतील अनेक संस्थानिकांनी उरलेले आयुष्य शिकारीत व मानपानाच्या भांडणात घालविले. सरफोजींनी मात्र आपल्या बंदिस्त किल्ल्याचे विद्यास्थान केले. सत्ता गेल्यावरही आश्रय देण्याचा अधिकार राहतो, आणि त्याचा उपयोग नव्या विद्येसाठी करता येतो, हे त्यांनी ओळखले. हीच त्यांच्या चरित्राची गुरुकिल्ली होय.

त्यांच्या संग्रहाची वर्णने तंजावरला आलेल्या युरोपीय प्रवाशांनी केली आहेत. वाड्यात ग्रंथांच्या शेजारी खगोलनिरीक्षणाची उपकरणे होती, हवा काढून घेणारा पंप होता, शरीररचना शिकण्यासाठी हस्तिदंती सांगाडा होता, आणि घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्रही होते. पूर्वी तंजावरला रेसिडेंट असलेले बेंजामिन टॉरिन इंग्लंडला परतल्यावर पुस्तके व उपकरणे पाठविण्याच्या कामी राजांचे साहाय्यक झाले. मागणी तंजावरहून जावी, वस्तू लंडनहून जहाजाने यावी आणि या येरझारीत महिनोन्‌महिने जावेत, असा तो व्यवहार होता. विद्युद्यंत्राची काचेची तबकडी किंवा नळकांडे फिरविले की घर्षणाने प्रभार साठे आणि ठिणगी उडे. त्या काळी युरोपातही ही यंत्रे व्याख्यानगृहांत आणि उमरावांच्या दिवाणखान्यांत कुतूहलाने पाहिली जात. सरफोजींच्या वाड्यात आलेली वीज ती हीच : क्षणभर चमकणारी, साठविण्यास अवघड आणि अद्याप कोणत्याही कामास न जुंपलेली.

ज्या क्षेत्रात त्यांनी कुतूहलाच्या पलीकडे पाऊल टाकले, ते क्षेत्र वैद्यकाचे होते. धन्वंतरी महाल या नावाने त्यांनी वैद्यकीय संशोधनाची संस्था चालविली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र काम करीत. औषधे तयार होत आणि त्यांच्या गुणांची नोंद ठेवली जाई. अनुभवास उतरलेले उपचार पुढे तमिळ पद्यात ग्रथित झाले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथमालेत नेत्ररोगांनाही स्थान आहे. शरभेंद्र हे सरफोजींचेच संस्कृतप्रचुर नाव होय.

नेत्रचिकित्सेविषयीची त्यांची आस्था तर विशेष लक्षणीय आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररुग्णांची टिपणे जतन केलेली आहेत. चाळीसहून अधिक रुग्णांच्या या नोंदींत रोगाचे वर्णन, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम दिलेला असून सोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. या कामाशी मॅकबीन या युरोपीय शल्यवैद्याचे नाव निगडित आहे. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया भारताला नवी नव्हती. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. नवी होती ती नोंद ठेवण्याची शिस्त. कोणता रुग्ण, कोणता डोळा, काय दिसले, काय केले, काय झाले, हे क्रमाने लिहावयाचे आणि शब्द अपुरा पडेल तेथे चित्रकाराला बोलावावयाचे. तंजावरचे चित्रकार एरवी देवदेवतांच्या प्रतिमा सोन्याच्या वर्खाने मढवीत असत. येथे कुंचल्यापुढे आला तो सामान्य माणसाचा पिकलेला, लालसर, पडदा आलेला डोळा. चरित्राच्या दृष्टीने पाहता सरफोजींच्या विज्ञाननिष्ठेची खरी कसोटी विद्युद्यंत्रात नसून या कागदांत आहे. यंत्र विकत घेता येते. निरीक्षणाची सवय विकत मिळत नाही.

ही सवय त्यांनी वाङ्मयातही आणली, आणि येथे आपण या नियतकालिकाच्या प्रांतात येतो. १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचे मराठी चरित्र बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतले. चोळांच्या तमिळ लेखांच्या सान्निध्यात उभा असलेला हा विस्तीर्ण मराठी शिलालेख सत्ता हरपलेल्या राजवंशाने दगडाच्या हवाली केलेली स्मृती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी वाड्यात देवनागरी छापखाना उभारला आणि इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापविला. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण श्रीरामपूरहून मुंबईकडे येतो. वाटेत तंजावरला थांबण्याचे पुष्कळदा राहून जाते. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्रात प्रवाशांना अन्न मिळे आणि मुलांना विनामूल्य शिक्षणही मिळे.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक या दृष्टीने सर्वाधिक विचारार्ह आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. डोंगराळ मुलखातील भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या प्रदेशाचे वर्णन करते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि प्रियकराच्या भेटीचे भाकीत करते, असा त्याचा साचा. सरफोजींनी साचा तमिळ ठेवला, भाषा मराठी घेतली आणि देशवर्णनाच्या जागी नव्या भूगोलाने सांगितलेले जग आणून बसविले. डोंगरदऱ्यांच्या वर्णनासाठी घडलेली जागा खंडे, देश आणि समुद्र यांच्या वर्णनाला कशी पुरी पडते, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. त्यांचे समकालीन आणि श्वार्ट्झ यांच्याच सहवासात वाढलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम् शास्त्री यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’त याच प्रकाराला ख्रिस्ती आशयाकडे वळविले होते. एका गुरूच्या छायेत वाढलेल्या दोघांनी एकच देशी प्रकार दोन भाषांत दोन नव्या आशयांसाठी वापरावा, ही घटना तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. विज्ञान देशी भाषेत आणताना केवळ पारिभाषिक शब्द शोधून भागत नाही. ते जेथे सहज बसेल असा वाङ्मयप्रकारही शोधावा लागतो, हा धडा तीत आहे.

१८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रा केली. तेथून परतताना त्यांनी गंगोदकाबरोबर पोथ्याही आणल्या. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला सरस्वती महालाचा संग्रह त्यांच्या हातून अपार वाढला. संस्कृत, मराठी, तमिळ व तेलुगू हस्तलिखितांबरोबर हजारो युरोपीय पुस्तके तेथे आली, आणि त्यांतील पुष्कळांवर राजांची इंग्रजी स्वाक्षरी आहे. ब्रिटिशांच्या विजयाप्रीत्यर्थ १८१४-१५ च्या सुमारास त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर मनोरा नावाची आठ मजली षट्कोनी वास्तू उभारली. नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक पराधीन मराठी राजाने तमिळ किनाऱ्यावर बांधावे, यातील विसंगती झाकण्याचे कारण नाही. सरफोजींची विद्या कंपनीच्या छायेत वाढली. तिचा खर्च कावेरीकाठच्या शेतकऱ्याच्या महसुलातून आलेल्या हिश्शावर चालला. आणि तिचे केंद्र वाड्याच्या भिंतींच्या आत राहिले. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले तेव्हा राजांच्या बहुश्रुतपणाने ते प्रभावित झाले. पण ही बहुश्रुतता एका व्यक्तीची होती. ती चालविणारी स्वतंत्र संस्था मागे उभी राहिली नाही. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारसाशिवाय वारले आणि तंजावरचे नाममात्र राज्यही संपले. यंत्रांची परंपरा पुढे चालली नाही. ग्रंथ राहिले, आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांना खुले झाले.

सरफोजींच्या वाड्यात वीज एका दालनात होती आणि दृष्टीचा अभ्यास दुसऱ्या दालनात. प्रकाश आणि वीज यांना जोडणारा दरवाजा त्या काळी जगात कोणालाच ठाऊक नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर सातच वर्षांनी, १८३९ मध्ये, एडमंड बेकरेल या फ्रेंच तरुणाला विद्राव्यात बुडविलेल्या धातुपट्ट्यांवर प्रकाश पडताच वीजप्रवाह निर्माण होतो असे आढळले. त्याच वर्षी गुस्टाफ रोझ यांनी उरल पर्वतातील एका खनिजाचे वर्णन करून पेरोव्हस्की या रशियन गृहस्थाच्या नावावरून त्याला पेरोव्हस्काइट हे नाव दिले. या दोन घटनांचा परस्परसंबंध जुळायला पुढे १७० वर्षे लागली. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट तयार झाला. आणि २००९ मध्ये जपानमधील मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइटसारखी स्फटिकरचना असलेले, पण शिसे व हॅलोजन असलेले पदार्थ सौर घटात वापरले. पहिल्या घटाची कार्यक्षमता ४ टक्क्यांहूनही कमी होती. पंधरा वर्षांच्या आत ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली. द्रावणापासून पातळ थर देऊन हे घट बनविता येतात, हा त्यांचा मोठा गुण. त्यांतील शिशाची संयुगे पाण्यात विरघळू शकतात, हा त्यांचा मोठा दोष. घट फुटला, त्यात पाऊस शिरला, तर शिसे मातीत उतरण्याची भीती असते.

भारतीय माणसाचा शिशाशी परिचय जुना आहे. मारुतीला फासला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. डोळ्यांत घातल्या जाणाऱ्या कित्येक सुरम्यांत गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, असते. हा पदार्थ अर्धसंवाहक आहे. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच गॅलिनापासून विद्युत्‌तरंग व प्रकाश ओळखणारा शोधक बनविला आणि १९०४ मध्ये त्याला अमेरिकेत एकस्व मिळाले. दृष्टी निवळावी म्हणून लोक जे डोळ्यांत घालीत, त्यातच प्रकाश टिपण्याचा गुण होता आणि त्यातच विषही होते.

आता या शिशाच्या जागी काय घ्यावे? संशोधकांचे पहिले लक्ष गेले कथलाकडे, कारण मूलद्रव्यांच्या कोष्टकात ते शिशाच्या अगदी वर, त्याच स्तंभात आहे. कथिलाचे घट चांगले प्रकाशग्राही असतात. परंतु हवेच्या संपर्कात कथिलाचे ऑक्सिडीकरण होऊन ते लवकर बिघडतात. बिस्मथ व अँटिमनी यांची संयुगे अधिक टिकाऊ आहेत, पण त्यांपैकी पुष्कळांना सूर्यप्रकाशाचा पुरेसा मोठा भाग शोषता येत नाही. त्यामुळे शिसेमुक्त घट कार्यक्षमतेत अद्याप मागे आहेत. निर्दोष पदार्थ हाती लागलेला नाही. तडजोडीचा शोध चालू आहे.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. आपल्या रसशास्त्रात शिशाला नाग म्हणतात आणि कथलाला वंग. दोहोंचा उल्लेख तेथे अनेकदा जोडीने येतो, आणि औषधात वापरण्यापूर्वी दोहोंचे शोधन करावे असा दंडक आहे. म्हणजे या धातूंचे साम्य आणि कच्च्या धातूतील धोका या दोन्ही गोष्टींसाठी आपल्या भाषांत शब्द होते. रसवैद्यांना अणुरचना ठाऊक नव्हती आणि शोधनाने शिशाचे विष नाहीसे होते असेही मानता येत नाही. तेव्हा नागाच्या जागी वंग घेणाऱ्या आजच्या संशोधकाला प्राचीनांचा अनुयायी ठरविणे चुकीचे होईल. पण आजचा शोध मराठीत वा तमिळमध्ये सांगू पाहणाऱ्याला अगदी रित्या हाताने सुरुवात करावी लागत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

सरफोजींचे मोठेपण नेमके येथे आहे. त्यांनी कोणताही वैज्ञानिक शोध लावला नाही. दुसऱ्यांनी लावलेले शोध त्यांनी विकत घेतले, पाहिले, वापरले, आणि त्यांतील जेवढे शक्य होते तेवढे आपल्या माणसांच्या भाषांत व आपल्या माणसांच्या वाङ्मयप्रकारांत उतरविले. भूगोल नाटकात आला, उपचार पद्यात आले, आजारी डोळा चित्रात आला. ज्या गोष्टी त्यांनी केवळ संग्रहिल्या त्या त्यांच्याबरोबर संपल्या. ज्या लिहिल्या व लिहवून घेतल्या त्या दोनशे वर्षांनंतरही तंजावरच्या त्या ग्रंथालयात वाचावयास मिळतात. प्रकाशापासून वीज करणारे आणि विषापासून मुक्त असे पदार्थ पुढेमागे सापडतील. त्या वेळी त्यांची हकीकत आपल्या भाषांत कोणत्या रूपात सांगितली जाईल, हा प्रश्न पदार्थवैज्ञानिकाइतकाच भाषांच्या अभ्यासकाचाही आहे, आणि तंजावरच्या या सत्ताहीन राजाने त्याचे एक उत्तर आपल्यापुरते देऊन ठेवले आहे.